पाण्यातून हवेत निघालेला किडा : पीस, दोरा आणि आपली पवना



आजचा पाठ एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे. चौथीला परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम शिकवताना मी फळ्यावर अंडी, अळी, कोश, फुलपाखरू असं गोल चित्र काढलं आणि बोलण्याच्या ओघात म्हणून गेले, "सगळ्या कीटकांचं असंच असतं." मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, झुरळाचं पण?"

आता झुरळाचा कोश कोणी पाहिलाय? नसतोच तो. झुरळाचं पिल्लू म्हणजे बिनपंखांचं छोटं झुरळच. कात टाकत टाकत मोठं होतं. नाकतोड्याचं तसंच, चतुराचंही तसंच. मी वाक्य मागे घेतलं, फळ्यावर दुसरं चित्र काढलं आणि पुढे गेले. पण वर्गाला त्या दिवशी नाद लागला. रोज कुणीतरी नवीन किड्याचं नाव घेऊन यायचं : "बाई, ह्याला कोश असतो का?"

त्याच आठवड्यात पालक सभा होती. वर्गातल्या एका मुलाचे वडील भोसरीला टूलरूममध्ये कामाला आहेत. सुट्टीत हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात ट्राउट मासे धरायला जातात. निगडीहून इतक्या लांब मासे धरायला जाणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं! ते म्हणाले, "मॅडम, तुमचं ते किड्यांचं चाललंय ना, हे दाखवा पोरांना." आणि त्यांनी खिशातून पेपरमिंटच्या गोळ्यांची असते तेवढी पत्र्याची डबी काढली. आत आठ-दहा बारीक गळ, आणि प्रत्येक गळावर दोरा आणि पीस गुंडाळून केलेला एक किडा. मी म्हटलं, "छान आहेत हो माश्या." तर ते म्हणाले, "ह्या माश्या नाहीत. माशी व्हायच्या बेतातल्या माश्या आहेत."

त्या एका वाक्यावर आमचे पुढचे तीन आठवडे गेले.

आधी किडा समजून घेऊ

डोंगरातल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यात मेफ्लाय नावाचा कीटक असतो. त्याचं पिल्लू महिनोन् महिने पाण्याखाली, दगडांना चिकटून राहतं. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले, मागे बहुधा तीन लांब शेपट्या. मोठं झालं की एके दिवशी ते वर येतं. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी त्याची पाठ उलते आणि जुन्या कातीतून पंखवाला कीटक बाहेर पडतो. कोश नाहीच. म्हणजे आमच्या झुरळवाल्या मुलीचा मुद्दा इथेही बरोबर. वर आणखी एक गंमत : हा कीटक उडून झाडावर बसतो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटून उडायला लागल्यावर पुन्हा कात टाकणारा कीटक जगात हा एकच गट. त्यानंतर त्याला खाणंपिणं नाही, तोंडाचे अवयव कामाचेच नसतात. काही तास, फार तर एक-दोन दिवस. त्याच्या शास्त्रीय नावाचं मूळही 'एका दिवसाचा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे.

या सगळ्यात सर्वांत अडचणीची जागा कोणती? मुलांना विचारलं तर सगळे म्हणाले, "पाण्याखाली, कारण मासे खातात." पण दगडाखाली तो तसा सुरक्षित असतो. हवेत गेला की माशांपासून सुटला. अडकतो तो मधल्या क्षणी. पाण्याचा पृष्ठभाग आपल्याला काहीच वाटत नाही, पण चार-पाच मिलिमीटरच्या जिवाला ती ताणलेल्या पडद्यासारखी गोष्ट आहे. अर्धा कातीत, अर्धा बाहेर, पंख अजून ओले, पाय पसरलेले आणि प्रवाह वाहून नेतोय. मासा खालून हे बघत असतो. त्याच्यासाठी हे बसल्याजागी वाढलेलं ताट.

गळ टाकणाऱ्यांनी या अवस्थेला 'इमर्जर' हे नाव दिलं आहे, आणि त्याची नक्कल मऊ पिसाने करतात म्हणून तिला 'सॉफ्ट हॅकल' म्हणतात. हॅकल म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं पीस. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशरच्या नद्यांवर ही पद्धत फार जुनी आहे. स्टुअर्ट नावाच्या स्कॉटिश मच्छीमाराने १८५७ मध्ये तिच्यावर लिहिलं, प्रिट यांनी १८८५ मध्ये यॉर्कशरच्या माश्यांचं पुस्तक काढलं. पुढे ही साधी माशी मागे पडली आणि १९७५ मध्ये सिल्वेस्टर नेम्स या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाने तिला पुन्हा उजेडात आणलं. आपल्याकडे ट्राउट आला तो इंग्रजांमुळेच. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून, मग कुलूला आणि निलगिरीत. पवनेत तो नाही आणि होणारही नाही; त्याला बारमाही थंड पाणी लागतं.

मग निगडीच्या मुलांना याचा काय उपयोग? हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही विचारला गेला. माझं उत्तर असं की, ही वस्तू बनवायला बसलं की किड्याकडे नीट बघावंच लागतं. फुलपाखराचं चक्र मुलं बघून उतरवतात. इथे उतरवायला काही नसतं. ही किड्याची हुबेहूब प्रतिकृती नसते. डोळे नाहीत, पाय मोजून सहा नाहीत, पंख नाहीत. फक्त एका हालचालीची नक्कल असते. ती हालचाल कळल्याशिवाय पीस किती घ्यायचं, कसं बांधायचं हे कळत नाही.

साहित्य

पहिली गोष्ट : वर्गात गळ आणायचा नाही. एकही नाही. दहा वर्षांच्या पंचेचाळीस मुलांत टोकदार गळ म्हणजे संकटाला आमंत्रण. आम्ही यू-पिनची तार सरळ करून तिचे साधारण तीन सेंटिमीटरचे तुकडे केले. एका टोकाला पक्कडीने छोटा डोळा वळवला, दुसरं टोक कानशीने घासून बोथट केलं आणि तार पाठीत किंचित वाकवली, कातीतून निघणारा किडा वाकतो तशी. हे काम मी आणि त्या वडिलांनी एका संध्याकाळी बसून उरकलं. तुकडे बाकाच्या कडेला काळ्या बाइंडर क्लिपमध्ये अडकवले की दोन्ही हात मोकळे. खरे लोक यासाठी छोटा व्हाइस वापरतात.

दोरा शिलाईमशीनचाच. नारिंगी घेतला, कारण जुन्या माश्यांत नारिंगी रेशीम आणि तित्तराचं पीस ही जोडी फार प्रसिद्ध. दोरा चालवायच्या आधी मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्यायचा, म्हणजे तारेवरून घसरत नाही. थोडी तपकिरी लोकर, जुन्या दातांच्या ब्रशने पिंजून. कपडे वाळत घालायचे चिमटे, माणशी एक. चिमट्याचं काम पुढे सांगते.

पिसांवर मात्र थोडं थांबते, कारण इथे पालकांनी चूक करू नये. तित्तराचं पीस म्हटल्यावर एक मुलगा उत्साहाने म्हणाला, "बाई, मामाच्या शेतात तित्तर येतात, आणू?" नाही! तित्तर, रानकोंबडा आणि बहुतेक रानपक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पिसांसाठी पक्षी संपवायचा इतिहास आपल्या सह्याद्रीलाही आहे. आपल्याकडच्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या पिसांना मेणाच्या थेंबासारखे पिवळसर चकचकीत ठिपके असतात. विलायतेत सामन माशाच्या गळावर लावायला त्यांना इतकी मागणी होती की ही पिसं बोटीने जायची. १९०२ मध्ये त्या वेळच्या सरकारलाच रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मामाच्या शेतवाला मुलगा हळूच म्हणाला, "मग कोंबडीचं चालेल?"

चालेल, आणि खरं तर तेच हवं. गावठी कोंबडीच्या मानेवरची, पाठीवरची ठिपक्यांची पिसं या कामाला उत्तम. बाहेरच्या देशांतही माशी बांधायला शिकणारे लोक 'इंडियन हेन' म्हणून आपल्याकडच्या कोंबडीचीच स्वस्त पिसं विकत घेतात. आमची पिसं माझ्या सासूबाईंनी गावाहून पाठवली, खुराड्यात गळून पडलेली. गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुतली, उन्हात वाळवली. दुकानातली पिसं आणायची असतील तर ती मुलांच्या हातात धुतल्याशिवाय देऊ नका. आणखी एक, थोडी कोंबड्याच्या मानेची पिसंही वेगळी ठेवा. कशाला, ते पुढे येईल.

बांधायचं कसं

डोळ्याच्या जरा मागे दोरा तारेवर ठेवायचा आणि त्याच दोऱ्यावरून पाच-सहा वेढे मारून तो दाबून टाकायचा. गाठ नाही. आपल्याच वेढ्याखाली दोरा अडकतो, हे मुलांना पटायला वेळ लागतो; सगळे आधी गाठ मारतात आणि तिथे गाठोडं होतं. मग शेजारी शेजारी, एकमेकांना चिकटून वेढे घेत मागच्या टोकाकडे जायचं आणि तसंच परत यायचं. हे झालं पोट. बारीक हवं. माझं पहिलं पोट मुंगळ्यासारखं झालं होतं.

आता चिमटा. मधेच हात सोडला की सगळे वेढे सुटतात आणि मूल रडकुंडीला येतं. म्हणून लोंबणाऱ्या दोऱ्याला कपड्याचा चिमटा लावायचा. त्याच्या वजनाने दोरा ताणलेला राहतो आणि मुलाला श्वास घ्यायला उसंत मिळते. हा शोध माझा नाही, एका मुलीचा आहे. तिची आई घरी शिवणकाम करते.

पुढे छाती. पिंजलेली लोकर, अगदी चिमूटभर, ओलसर बोटांनी दोऱ्याभोवती वळायची, वाती वळतो तशी, आणि तो केसाळ दोरा डोळ्याच्या मागे दोन-तीन वेढे फिरवायचा. हा लहानसा केसाळ गोळा दिखाव्यासाठी नाही. त्याच्यामुळे पुढचं पीस पोटाला चिकटून न बसता जरा उभं राहतं, आणि केसांत हवेचे बुडबुडे अडकतात. कातीतून निघणाऱ्या किड्याच्या अंगाशीही अशी चमकणारी हवा असते.

शेवटी पीस. ज्याचे तंतू तारेवरच्या पोटाएवढे किंवा किंचित लांब असतील असं निवडायचं. पट्टीने मोजायला लावा, मिलिमीटरचा आयता सराव होतो. पिसाच्या बुडाचा कापसासारखा भाग ओढून टाकायचा. शेंडा चिमटीत धरून बाकीचे तंतू उलटे मागे ओढायचे आणि शेंड्याकडून ते डोळ्याच्या मागे बांधायचं. मग पिसाचा कणा धरून तारेभोवती फिरवायचा. किती? दीड वेढा. फार तर दोन.

सगळा वर्ग इथे अडला. पंचेचाळीस मुलांपैकी बहुतेकांनी पाच-सहा वेढे घातले, कारण पीस सुंदर दिसतं आणि उरलेलं टाकून द्यायचं जिवावर येतं. डिझाइन छान होतं, पण तो किडा राहत नाही, भांडी घासायचा ब्रश होतो. मी सांगून कुणी ऐकलं नाही. ऐकलं ते पाण्याने सांगितल्यावर.

पाण्याच्या ग्लासातला प्रयोग

स्टीलचा नको, काचेचा ग्लास घ्या. माशीच्या डोळ्यात दोरा ओवून ती पाण्यात सोडा आणि हळूहळू वर ओढा, थांबा, पुन्हा ओढा. दीड वेढ्याच्या माशीचे तंतू ओढताना मागे मिटतात आणि थांबलं की उघडतात. मिटणं, उघडणं, मिटणं, उघडणं. वर्गात एकदम शांतता झाली. कुणीतरी म्हणालं, "ती श्वास घेतीये." सहा वेढ्यांची माशी पाण्यात ठोकळ्यासारखी फिरली.

मग वेगळी ठेवलेली कोंबड्याची पिसं काढली. त्यांची माशी ओढली तर तंतू जवळजवळ हलतच नाहीत, कडक. पण तीच माशी अलगद पाण्यावर ठेवली तर वर तरंगते. मुलांना विचारलं, असं का? थोडा वेळ जाऊ द्या, उत्तर सांगू नका. आमच्याकडे उत्तर आलं ते असं : "कोंबडीचं पीस मऊ म्हणून पाण्याचं ऐकतं, कोंबड्याचं ऐकत नाही." विज्ञानाच्या पुस्तकात बसणार नाही, पण कामापुरतं अगदी बरोबर आहे. म्हणून पाण्यावर बसलेल्या पूर्ण वाढीच्या माशीची नक्कल करायला कोंबड्याचं कडक पीस, आणि पाण्यातून निघणाऱ्या किड्यासाठी कोंबडीचं मऊ. वर ओढायची ही हालचालसुद्धा नुसता खेळ नाही. जेम्स लायझनरिंग या पेनसिल्व्हेनियातल्या मच्छीमाराची ती ओळखच झाली. माशासमोर माशी आली की काठी हळूच वर न्यायची, म्हणजे ती पृष्ठभागाकडे निघाल्यासारखी उठते.

याच ग्लासात दुसरा प्रयोग करा. पाण्यावर सुई आडवी, अलगद ठेवा (टिश्यू पेपरच्या तुकड्यावर ठेवून कागद बुडू द्यायचा). सुई तरंगते. पाण्याचा पडदा मुलांना डोळ्यांनी दिसतो. आता काठावरून भांड्यांच्या साबणाचा एक थेंब सोडा. सुई खाली जाते. हे दिसल्यावर एका मुलाने विचारलं, "मग आळंदीला नदीवर फेस असतो, तिथे पाण्यावर चालणारे किडे बुडत असतील का?" मी त्याला म्हटलं, "तू सुईचं बघितलंस ना, आता तूच सांग."

आजींचा प्रश्न

हे सगळं घरोघरी पोचलंच. एक दिवस शाळा सुटताना एका मुलाच्या आजी थांबल्या. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला देहू. "बाई, तुम्ही पोरांना मासे मारायला शिकवता का?"

मी नाही म्हणू शकले असते. गळ नव्हता, मासा नव्हता. पण ते अर्धवट उत्तर झालं असतं, कारण ज्या वस्तूची आम्ही नक्कल करत होतो ती माशाच्या तोंडात रुतण्यासाठीच बनलेली आहे. माझ्या वर्गात माळकरी घरातली मुलं आहेत तशी ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या जाळं आहे अशीही आहेत. मी एकाच्या बाजूने बोलले असते तर दुसऱ्याच्या आजोबांना वर्गात चूक ठरवलं असतं. म्हणून आजींना जे होतं ते सांगितलं. मासा कसा फसतो हे शिकवतेय. फसवायचं की नाही हे तुमच्या घरी ठरेल. आजी काही वेळ माशी बोटावर फिरवून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या देहूच्या डोहात पूर्वी मासे दिसायचे, हातातली लाही खायचे. आता काय खात असतील कोण जाणे."

त्यांना माझं उत्तर पटलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी नातू शाळेत आला तो त्यांचाच प्रश्न घेऊन : बाई, आपल्या नदीतले मासे कोणते किडे खातात?

आपल्या नदीचा इमर्जर

निगडीच्या नळाला पाणी येतं ते पवना धरणातलं. धरणातून नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात आणि सेक्टर २३ च्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करतात. मुलांना हे माहीत नव्हतं. निम्म्यांना वाटायचं पाणी टाकीत तयार होतं. तीच पवना पुढे चिंचवडवरून दापोडीला मुळेला मिळते, मग मुठा येते आणि मुळा-मुठा होते. याच मुळा-मुठेतल्या महसीर माशाचं वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये छापलं. त्याचं शास्त्रीय नाव खुद्री. सायक्स यांनी दख्खनच्या कितीतरी माशांना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावं ठेवली : कोळस, फुलंगी, मसाळा. जगभरच्या पुस्तकांत हे मराठी शब्द अजून आहेत. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास करतात, ते इंद्रायणीच्या उगमाकडचंच पाणी.

मुलांना नदीवर नेलं नाही. एकट्या शिक्षकाने तेवढी मुलं काठावर न्यायची नसतात, हे मी नव्या शिक्षकांना मुद्दाम सांगते. दोन रविवारी मीच गेले, घरच्यांना घेऊन. पहिल्या रविवारी कामशेतच्या पुढे एका ओढ्यावर. पाऊस नुकताच संपला होता. पाण्यातला तळहाताएवढा दगड उचलून पालथा केला, खाली चहाची गाळणी धरली, पांढऱ्या प्लेटमध्ये झटकली. सपाट अंगाचं, तीन शेपट्यांचं, दगडावर पळणारं पिल्लू. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पुस्तकातलं चित्र वाचून मला ते मोठं वाटलं होतं; ते तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडंच मोठं निघालं. फोटो काढला, पिल्लू परत दगडाखाली सोडलं.

दुसऱ्या रविवारी रावेतच्या खालच्या बाजूला. दगड उलटे केले, काही नाही. गाळणीत काळा गाळ आला, वास आला, आणि त्या गाळात लालभडक दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. मुलाने "जंत!" म्हणून हात मागे घेतला. जंत नव्हेत. कायरोनोमिड नावाच्या, न चावणाऱ्या बारीक माशीच्या त्या अळ्या. लाल का? तर त्यांच्या शरीरात आपल्या रक्तात असतं तसंच हिमोग्लोबिन असतं. घाण पाण्यात प्राणवायू कमी, तो धरून ठेवायची ही त्यांची सोय. मेफ्लायच्या बहुतेक जातींना हे जमत नाही, म्हणून पाणी बिघडलं की त्या आधी जातात आणि लाल अळ्या उरतात. नदी तपासणारे शास्त्रज्ञ पाण्याच्या बाटलीबरोबर किडेही मोजतात ते यासाठी. बाटली त्या क्षणाचं सांगते, किडे मागच्या कित्येक महिन्यांचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवना, इंद्रायणी, मुळा, मुठा ही सगळी नावं आहेत. ते वर्गात वाचून दाखवलं तेव्हा कुणी विशेष लक्ष दिलं नाही. दोन प्लेटचे दोन फोटो शेजारी लावले तेव्हा दिलं.

थोडा गाळ आणि पाणी बरणीत आणलं होतं. तोंडाला मलमलचं कापड घट्ट बांधलं, वर रबर. हे विसरू नका. साठलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूच्या दिवसांत पालक तुम्हाला धारेवर धरतील, त्यांचं बरोबरही असेल. हात साबणाने धुवायचे, बरणीत बोट घालायचं नाही. डासाची अळी पृष्ठभागाला लटकते, ही लाल अळी तळाच्या गाळात नळी करून राहते, हा फरक मुलं दुसऱ्याच दिवशी ओळखायला लागली. आणि हिला कोश असतो! अंडी, अळी, कोश, माशी, थेट फुलपाखरासारखं. म्हणजे दगडाखालच्या मेफ्लायला कोश नाही आणि गाळातल्या या बारीक माशीला आहे. फळ्यावरची दोन्ही चित्रं एकाच नदीत.

मग वर्गाने ठरवलं, आपल्या नदीची माशी बांधायची. नारिंगी दोरा गेला, लाल आला. वर काळ्या लोकरीची छाती, कारण कोश वर येताना पुढून गडद दिसतो. पीस कोंबडीचंच, पण लहान. जो मुलगा एरवी वहीत दोन ओळींच्या वर लिहीत नाही (टूलरूमवाल्यांचाच तो), त्याने 'कृती' या मथळ्याखाली नऊ वाक्यं लिहिली, क्रमाने, 'आधी', 'नंतर', 'मग' घालून. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. मी त्या वेळी एकही खूण केली नाही, चुका पुढच्या आठवड्यात फळ्यावर सगळ्यांच्या म्हणून घेतल्या.

बरणी खिडकीत होती. एका मंगळवारी प्रार्थनेनंतर वर्गात आले तर अर्धा वर्ग खिडकीशी. कापडाच्या आतल्या बाजूला एक फिकट हिरवट माशी बसलेली, डोक्यावर पिसासारख्या मिशा, म्हणजे नर. आणि पाण्यावर एक पारदर्शक, पोकळ कात तरंगत होती, पाठीवर उभी फाटलेली. निघताना कुणी पाहिलं नाही, त्याला काही सेकंदच लागतात. मुलं काचेला नाक लावून त्या कातीकडेच बघत होती.

नऊ वाक्यं लिहिणारा मुलगा जागेवर गेला, आपली लाल माशी काढली, ब्लेडसाठी माझ्याकडे आला. मी विचारलं, काय करायचंय? म्हणाला, "बाई, पिसाचा एक वेढा काढा. जास्त झालाय."